दम्याची रोजची गोळी: मॉन्टेलुकास्ट घेताना काय पाळावे, कशाकडे लक्ष ठेवावे

आधी हातातली स्ट्रिप नीट वाचा. ‘दम्याची गोळी’ या एकाच नावाखाली घरातल्या औषधांच्या डब्यात चार निरनिराळ्या जातींची औषधे सापडतात. एक मॉन्टेलुकास्ट. दुसरे थिओफायलिन आणि त्याचे भाऊबंद, म्हणजे डेरिफायलिन, डॉक्सोफायलिन, असेब्रोफायलिन वगैरे. तिसरी साल्ब्युटामॉलची गोळी. चौथे प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड. एकीचा नियम दुसरीला लावला तर घोटाळा होतो. थिओफायलिनची उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडे असते. ते चालू असताना सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिनसारखे अँटिबायोटिक सुरू झाले, किंवा माणसाने विडी-सिगारेट सोडली, तरी रक्तातली पातळी वाढते आणि उलट्या, धडधड, क्वचित फिट्सपर्यंत मजल जाते. काही आठवडे घेतलेले प्रेडनिसोलोन एका दिवसात बंद करायचे नसते. खाली जे लिहिले आहे ते फक्त मॉन्टेलुकास्टबद्दल आहे, कारण रोज घ्यायची गोळी म्हणून आज सगळ्यांत जास्त हीच लिहून दिली जाते आणि चॉकलेट-गोळीइतकी निरुपद्रवी समजून सगळ्यांत बेफिकिरीने घेतली जाते.

स्ट्रिपवरच्या मोठ्या अक्षरांतल्या नावाला भुलू नका, त्याखालची बारीक ओळ वाचा. तिथे नुसते ‘मॉन्टेलुकास्ट’ आहे की सोबत आणखी काही? नावापुढे ‘एलसी’ किंवा ‘एल’ असेल तर बहुधा सोबत लिव्होसेटिरिझिन असते आणि ‘एफएक्स’ असेल तर फेक्सोफेनाडिन. उदाहरणार्थ, मॉन्टेर-एलसी या गोळीत १० मिग्रॅ मॉन्टेलुकास्ट आणि ५ मिग्रॅ लिव्होसेटिरिझिन असते. सर्दी, शिंका, नाक चोंदणे यांसाठी ही जोडी दिली जाते. नाकाचा त्रास नसेल तर दम्याला या जोडीदाराचा उपयोग नाही. त्यामुळे डॉक्टरांना सरळ विचारावे, “नुसती मॉन्टेलुकास्ट चालेल का?” आपल्याकडे हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही आणि लोक वर्षानुवर्षे गरज नसलेली सर्दीची गोळी घेत राहतात.

जोडगोळी घेणाऱ्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात. लिव्होसेटिरिझिनने झोप येते. ती घेऊन रात्रपाळीला बाइकवर निघू नये आणि त्यावर दारू तर नकोच. मध्येच सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून वेगळी सेटिरिझिन आणून त्यात भर घालू नये, एकाच औषधाची दुप्पट मात्रा पोटात जाते. मूत्रपिंडाचा विकार किंवा प्रोस्टेटमुळे लघवी अडखळण्याचा त्रास असलेल्या आजोबांनी हे डॉक्टरांना आधीच सांगावे. फेक्सोफेनाडिनची जोडी असेल तर गोळी पाण्यासोबतच घ्यावी. फळांच्या रसासोबत ती कमी शोषली जाते आणि ॲसिडिटीचे पातळ औषध त्याच वेळी घेतले तरीही तेच होते.

किती आणि कोणाला

मात्रा वजनावर नाही, वयावर ठरते. १५ वर्षे आणि पुढे १० मिग्रॅची गोळी. ६ ते १४ वर्षे ५ मिग्रॅची चघळायची गोळी. २ ते ५ वर्षे ४ मिग्रॅची चघळायची गोळी किंवा तेवढ्याच ताकदीचे दाणे. १२ ते २३ महिन्यांच्या बाळाला दम्यासाठी ४ मिग्रॅचे दाणे, तेही बालरोगतज्ज्ञांनी लिहून दिले तरच. कोणत्याही वयात दिवसातून एकदाच. दोन गोळ्यांनी दुप्पट गुण येत नाही.

इथे एक चूक वारंवार होते. मूल सातवीत असताना लिहिलेली चिठ्ठी दहावीपर्यंत तशीच चालते. पंधरा वर्षे पूर्ण झाली की मात्रा बदलते, तेव्हा त्या वाढदिवसाच्या आसपास एक फेरी डॉक्टरांकडे मारावी. उलट बाजूने, मोठ्यांची १० ची गोळी सुरीने अर्धी करून मुलाला ५ म्हणून देणेही टाळा. तुकडे सारखे पडत नाहीत, वरचे आवरण फुटते आणि उरलेला अर्धा तुकडा उजेड-दमटपणात खराब होतो. चघळायची गोळी खरोखर चावून घ्यायची असते. अगदी लहान मुलाने ती अख्खी गिळली तर घशात अडकण्याची भीती असते. या गोळ्यांत गोडीसाठी बहुधा ॲस्पार्टेम असते, म्हणून फिनाइलकिटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्या मुलांना त्या चालत नाहीत.

वेळ: दिवेलागणीची

दम्यासाठी ही गोळी संध्याकाळी घ्यायची. दमा रात्री आणि पहाटे जास्त उफाळतो आणि दम्यावरच्या चाचण्याही संध्याकाळच्या मात्रेनेच झाल्या आहेत. जेवणाआधी की नंतर, याने काही बिघडत नाही. त्यामुळे श्रावणातला सोमवार, एकादशी, नवरात्राचे उपास यांत गोळी चुकवण्याचे कारण नाही. रोजे असतील तर इफ्तारनंतर घ्यावी. रोज ज्या कामाला चुकत नाही त्याला ती बांधून टाका, मग ते देवापुढे दिवा लावणे असो की साडेसातची मालिका. ‘झोपताना घेऊ’ म्हणणाऱ्यांची गोळी जास्त वेळा राहते, कारण माणूस टीव्हीसमोरच पेंगतो.

एखाद्या दिवशी राहिलीच तर ती सोडून द्या आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी एकच गोळी घ्या. कालची भरपाई म्हणून दोन घेऊ नका. पळताना, खेळताना धाप लागते म्हणून काही जणांना ही गोळी फक्त व्यायामाआधी घ्यायला सांगितलेली असते. तिचा नियम वेगळा: व्यायामाच्या किमान २ तास आधी घ्यायची आणि त्यानंतर २४ तासांत दुसरी नाही. जे रोज घेतात त्यांनी सामन्याच्या दिवशी जादा गोळी घ्यायची नसते.

बाळाला दाणे देताना

सॅशे फोडण्याआधी सगळी तयारी करून घ्या, कारण फोडल्यावर १५ मिनिटांत पूर्ण मात्रा पोटात जायला हवी. दाणे थेट बाळाच्या जिभेवर टाकता येतात. नाहीतर एक चमचा (५ मिली) थंड किंवा साध्या तापमानाच्या आईच्या दुधात किंवा डब्याच्या दुधात मिसळा. तिसरा मार्ग म्हणजे चमचाभर गार, मऊ खाण्यात कालवणे. सफरचंदाचा गर, कुस्करलेले गाजर, गार झालेला गुरगुट्या भात किंवा आइस्क्रीम चालते. दाणे पूर्ण विरघळताना दिसले नाहीत तरी काळजी नको, तेवढा एक चमचा सगळा पोटात गेला म्हणजे झाले. वरून नेहमीसारखे दूध-पाणी देता येते.

काय करू नये? गरम दुधात, सरबतात किंवा पाण्यात घोळवू नये. बाटलीभर दुधात तर अजिबात टाकू नये. बाळ अर्धी बाटली सोडून झोपले की किती औषध गेले हे कुणालाच सांगता येत नाही. कालवलेले उरले तर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी देऊ नका, फेकून द्या.

मुलांसाठी सिरपही मिळते, पण त्यात बहुतेक वेळा लिव्होसेटिरिझिन मिसळलेले असते. ५ मिलीमध्ये कोणते औषध किती, हे बाटलीवर वाचावे आणि बाटलीसोबतच्या खुणांच्या टोपणाने किंवा बिनसुईच्या सिरिंजने मोजावे. पोह्यांच्या चमच्याने मोजलेले ‘एक चमचा’ प्रत्येक घरात वेगळे भरते.

पंप बंद करायचा नाही

मॉन्टेलुकास्ट काय करते, हे समजले की बराच गोंधळ मिटतो. ॲलर्जीच्या वेळी शरीरात ल्युकोट्राइन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांनी श्वासनलिका आवळतात, आतून सुजतात आणि चिकट कफ धरतो. ही गोळी त्या द्रव्यांना त्यांच्या जागी बसू देत नाही. पण दम्यातली सूज फक्त ल्युकोट्राइनमुळे येत नाही. म्हणून श्वासातून घेण्याच्या स्टेरॉइडपेक्षा, म्हणजे रोजच्या पंपापेक्षा, ही गोळी एकटीने कमी पडते. बहुतेकांना ती पंपाच्या जोडीला दिली जाते.

‘पंपाची सवय लागते’ हा आपल्याकडचा जुना समज आहे. त्यापायी लोक पंप कपाटात ठेवतात आणि गोळीवर भागवतात. सवय पंपाची लागत नाही, दमा मुळातच दीर्घकाळचा आजार आहे. गोळी सुरू झाली म्हणून पंपाचे फवारे स्वतःहून कमी करू नका. कमी करायचेच असतील तर डॉक्टर टप्प्याटप्प्याने करतील.

दम्याचा झटका आला असताना या गोळीचा उपयोग नाही. पोटातून रक्तात तिची पातळी चढायलाच २ ते ४ तास लागतात. झटक्याला आराम देणारा पंप लागतो आणि तो कपाटात नव्हे, दप्तरात किंवा पर्समध्ये हवा. त्याचे फवारे किती आणि किती अंतराने घ्यायचे, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजवर चिकटवा. मूल असेल तर शाळेतही एक प्रत द्या. पंप मारूनही आराम पडत नाही, एक वाक्य सलग बोलता येत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात किंवा माणूस गुंगल्यासारखा होतो, यांतले एकही दिसले तर १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून पंप चालू ठेवा. रुग्णाला आडवे झोपवू नका, बसते ठेवा.

लक्ष ठेवायचे ते झोपेवर आणि स्वभावावर

हा या औषधाचा सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे आणि चिठ्ठी देताना घाईत हाच सांगायचा राहतो. मॉन्टेलुकास्टला अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली. २०२० च्या मार्चमध्ये तिथल्या औषध नियामकाने, म्हणजे एफडीएने, तिच्या माहितीपत्रकावर सर्वांत कडक, चौकटीतला इशारा घालायला लावला. काही रुग्णांत या औषधाने मनःस्थिती आणि वागणे बदलते, क्वचित आत्महत्येचे विचारही येतात, असा तो इशारा. नाक वाहणे-शिंका एवढ्याच सौम्य तक्रारीसाठी ही गोळी शक्यतो वापरू नये, असेही त्यात आले. बहुतेकांना असा काही त्रास होत नाही. पण ज्यांना होतो त्यांना पूर्वी कधी मानसिक आजार असेलच असे नाही, म्हणून ‘आमच्या घरात कुणाला तसले काही नाही’ या भरवशावर राहता येत नाही.

नेमके काय पाहायचे? मुलांत बहुधा आधी रात्र बदलते. वाईट स्वप्ने, दचकून किंचाळत उठणे, झोपेत चालणे, झोपच न लागणे. मग दिवस बदलतो. उगाच चिडचिड, भावंडांना मारणे, हट्ट एकदम वाढणे, रडू येत राहणे, अभ्यासात लक्ष न लागणे, नव्याने तोतरे बोलणे, डोळे मिचकावण्यासारखे झटके, पुन्हा पुन्हा हात धुण्यासारखी एकच गोष्ट करत राहणे. मोठ्यांत उदासपणा, अस्वस्थता, विसराळूपणा, भास, हातांना कंप. यांतले पुष्कळसे इतर कारणांनीही होते, अडचण तीच आहे. आई म्हणते परीक्षेचा ताण, आजी म्हणते दृष्ट लागली, शाळा म्हणते वय आहे, आणि गोळी रोज संध्याकाळी चालूच राहते.

म्हणून गोळी सुरू करण्याआधी दोन ओळी लिहून ठेवा: मूल साधारण किती वाजता झोपते, रात्री किती वेळा उठते, स्वभाव कसा आहे. सुरू केल्याची तारीख कॅलेंडरवर मारा. पुढे रोज त्या-त्या दिवसाच्या चौकोनात एक अक्षर पुरेसे आहे, ठीक असेल तर ‘ठी’, काही वेगळे वाटले तर ‘वे’. पहिल्या महिन्यात जास्त लक्ष द्या, पण नंतर सोडून देऊ नका, बदल उशिराही दिसू शकतो. घरातल्या दुसऱ्या एका माणसाला आणि मुलाच्या वर्गशिक्षकांनाही सांगून ठेवा. मोठा माणूस घेत असेल तर घरच्यांना माहीत असणे आणखी गरजेचे, कारण स्वतःची चिडचिड स्वतःला दिसत नाही. पूर्वी नैराश्य, चिंता किंवा झोपेचा आजार झाला असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नका. त्यांना दुसरा पर्याय निवडता येतो.

असा बदल दिसला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. या गोळीपुरते हे चालते, पण रोजचा पंप मात्र थांबवू नका. बहुतेकांत थांबवल्यावर त्रास ओसरतो. काहींचा नंतरही राहिला किंवा गोळी बंद केल्यावर सुरू झाला, अशाही नोंदी आहेत, म्हणून पुढचे काही आठवडे लक्ष असू द्या. जीव नकोसा वाटतो, मरावेसे वाटते असे कुणी बोलले तर त्याला एकटे सोडू नका. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो, धोका समोर दिसत असेल तर सरळ रुग्णालय गाठा. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८०० १८० ३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्णालाही करता येते.

बाकीच्या सावधगिऱ्या

डोके दुखणे, पोट दुखणे, जुलाब हे त्रास होतात, बहुधा सौम्य. डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेलेली असे दिसले तर यकृताची तपासणी लागते. पोटात घ्यायचे स्टेरॉइड कमी करत आणताना अंगावर पुरळ, हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा आणि सोबत दमा बिघडणे, असे एकत्र आले तर रक्तवाहिन्यांच्या एका दुर्मीळ आजाराची शंका घ्यावी लागते. त्यात थांबायला वेळ नसतो.

काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी झटका येतो. मॉन्टेलुकास्ट घेतल्याने ही भीती जात नाही. डिस्प्रिन, ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम या यांतलीच औषधे असलेल्या गोळ्या अंगदुखीला सहज घेतल्या जातात. ज्यांना एकदा त्रास झाला आहे त्यांनी त्या कायमच्या टाळाव्यात. क्षयरोगाचे रिफाम्पिसिन किंवा फिट्सचे फिनोबार्बिटोन, फिनाइटॉइन चालू असेल तर या गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. एका डॉक्टरांची औषधे दुसऱ्याला माहीत नसणे ही आपल्याकडची रोजची अडचण, म्हणून सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून दवाखान्यात न्याव्यात. दिवस राहिले असे कळताच घाबरून गोळी-पंप सोडू नका. आटोक्याबाहेरचा दमा आईला आणि बाळाला दोघांनाही घातक असतो. डॉक्टरबाईंना दाखवून ठरवा.

कोजागिरीला खिरीतून मिळणारे दम्याचे औषध किंवा मृगात हैदराबादला जाऊन गिळायचा मासा यांवर ज्यांची श्रद्धा आहे त्यांनीही त्या दिवशीची गोळी आणि पंप चुकवू नये. पुडीत काय आहे हे लिहिलेले नसते. अशा अनामिक पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडलेले आहे. ‘लगेच गुण आला’ याचे कारण बरेचदा तेच असते.

आणणे आणि ठेवणे

मेडिकलवाल्याला स्ट्रिप कापताना मुदतीची तारीख आणि नाव असलेली बाजू तुमच्याकडे ठेवायला सांगा, नाहीतर पूर्ण स्ट्रिप घ्या. दहाच्या स्ट्रिपने महिन्याला तीन लागतात, तिसरी उघडली की पुढची आणावी. कंपनी बदलून दिली तर हरकत नाही, पण आतले औषध आणि मिग्रॅ तेच आहेत का आणि शेपटीला ‘एलसी’ चिकटले नाही ना, हे काउंटरवरच पाहा. ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायची गोळी आहे. शेजारच्या काकूंना गुण आला म्हणून त्यांची स्ट्रिप आणू नका.

गोळ्या स्ट्रिपमधून काढून आठवड्याच्या डबीत भरू नका. मॉन्टेलुकास्टला उजेड आणि ओल सोसत नाही. न्हाणीघरातले कपाट, गॅसजवळची फळी, खिडकी या जागा वाईट. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात झाकणाच्या डब्यात, ३० अंशांच्या आत राहील अशा आतल्या खोलीत ठेवावे. चघळायच्या गोळ्या गोड असतात, तेव्हा मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर.

गुण आला का, आणि कधी थांबवायची

काहींना एक-दोन दिवसांतच बरे वाटू लागते, पण निकाल महिन्याने लावावा. मागच्या ४ आठवड्यांबद्दल स्वतःला चार प्रश्न विचारा. दिवसा त्रास आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा झाला का? दम्याने एकदा तरी रात्री जाग आली का? आराम देणारा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? जिना, खेळ, घरकाम दम्यामुळे सोडावे लागले का? एकही ‘हो’ नाही तर दमा आटोक्यात आहे. एक-दोन ‘हो’ म्हणजे अर्धवट, तीन-चार म्हणजे नाही. उत्तरे लिहून डॉक्टरांना दाखवा. दोन महिने नियमित घेऊन फरकच नसेल तर ती चालू ठेवण्यात अर्थ नसतो. तेव्हा गोळी वाढवण्याआधी पंप मारण्याची पद्धत तपासून घ्यावी, दोष बरेचदा तिथेच निघतो.

बरे वाटते म्हणून मनाने बंद करू नका. बराच काळ त्रास नसेल तर डॉक्टर ती काढून पाहतात. त्यासाठी दिवस मात्र बघून निवडा. घरात कोळिष्टके काढणे, रंगकाम चालू असताना, दिवाळीच्या फटाक्यांच्या तोंडावर, पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरलेली असताना किंवा मुलाला सर्दी-ताप असताना नको. बंद केल्यावर चार आठवडे कॅलेंडरवरची ती अक्षरे चालू ठेवा आणि पंप जवळ असू द्या.